सीईटी ९६.८ : जुन्या कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स की नवीन कॉलेजचं एआय-डीएस? लेकीच्या ॲडमिशनसाठी सल्ला हवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी तासगाव तालुक्यातला, कृषी सेवा केंद्रात नोकरी करतो, दीड एकर द्राक्षबाग आहे. मुलगी यंदा बारावी झाली, एमएचटी-सीईटीला पीसीएममध्ये ९६.८ पर्सेंटाइल आलेत. जेईई दिली होती पण तिथं काही हाताला लागेल असं नाही. आम्ही ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर काढलंय, जात पडताळणीचं सर्टिफिकेट पण मागच्या महिन्यात आलं, उत्पन्न आठ लाखाच्या आत.

आता प्रश्न असा आहे की गेल्या वर्षीचा कटऑफ बघितला तर सांगलीचं वालचंद इलेक्ट्रॉनिक्सला मिळेल असं वाटतंय, कॉम्प्युटर मिळणं अवघड. कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज पण यादीत आहे. आणि पुण्याच्या बाजूला एक नवीन कॉलेज आहे, तिथं एआय अँड डेटा सायन्स सहज मिळतंय, त्यांच्या माणसाचा तीन वेळा फोन येऊन गेला, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात, हायेस्ट पॅकेज ४२ लाख असा बोर्डच लावलाय. मेव्हणे म्हणतात कॉम्प्युटर सोडून दुसऱ्या ब्रांचला हात लावू नका, आणि पुण्यात असली की नोकरी आपोआप लागते. मुलीला आयटीत किंवा त्याच्या आसपास करिअर करायचंय एवढं नक्की. आमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारी ही पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. चार वर्षांचा प्रश्न आहे, चूक झाली तर दुरुस्त करायला आमच्याकडे पैसा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगा.

पेठकर

पुणेच घ्या. एक्स्पोजर मिळतं.

हिंजवडी_फेज_दोन

काका, मी सोळा वर्षं आयटीत आहे आणि गेली सहा-सात वर्षं कॅम्पसला इंटरव्ह्यू घ्यायला जातो म्हणून लिहितोय. आधी ते ४२ लाख डोक्यातून काढून टाका. ते एका मुलाचं असतं, बऱ्याचदा त्यात चार वर्षांत मिळायचे शेअर आणि जॉइनिंग बोनस पण धरलेला असतो, आणि तो मुलगा कुठल्याही कॉलेजात असता तरी तिथं पोचला असता. तुमच्या मुलीला उपयोगाचा आकडा एकच, मधल्या मुलाला किती मिळाले. सगळ्या मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध जो उभा आहे त्याचा पगार, त्याला मीडियन म्हणतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत सरसकट फ्रेशरला आजही वर्षाला साडेतीन लाखाच्या आसपासच मिळतात, दहा वर्षांपूर्वी पण जवळपास तेवढेच होते. पुण्यात रूम, मेस आणि बस धरली तर त्यातून हातात काय उरतं ते तुम्ही हिशोब करू शकता.

दुसरं, कंपनी कॉलेजात कशी येते ते सांगतो. आमच्या एचआरकडे कॉलेजांची यादी असते, ती वर्षानुवर्षं फारशी बदलत नाही, ज्या कॉलेजातून घेतलेली मुलं टिकली आणि चांगलं काम करतात तिथं परत जातात. म्हणून जुन्या कॉलेजचा फायदा होतो, त्याचे माजी विद्यार्थी आत बसलेले असतात. नवीन कॉलेजला ही यादी पैशाने विकत घेता येत नाही, दहा-पंधरा वर्षं लागतात. मग पहिली चाळणी, दहावी बारावी आणि इंजिनिअरिंगला ६० टक्के, लाइव्ह बॅकलॉग म्हणजे न सुटलेला विषय नको. मग ॲप्टिट्यूड आणि ऑनलाइन कोडिंग टेस्ट. आणि मग माझ्यासारखा माणूस समोर बसतो आणि डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल, ऑपरेटिंग सिस्टिम यातलं विचारतो. सर्टिफिकेटची फाइल मी उघडत पण नाही. मागच्या वर्षी एका मुलीला कागदावर लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली, तिचं पहिलं उत्तर चुकलं, मी गप्प बसलो, तिने स्वतःच तीन चौकोन काढून बाण फिरवून बघितले आणि कुठं चुकलं ते शोधून काढलं. मी तिला घेतलं. ती इलेक्ट्रॉनिक्सची होती.

शिकवणारी

मी एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवते, चौदा वर्षं झाली. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, आणि आतून जे दिसतं ते सांगते.

२०२४ मध्ये एआयसीटीईने (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची परिषद) एका ब्रांचला किती सीट घेता येतात त्यावरची वरची मर्यादा काढली. त्यामुळे ज्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या १२० सीट होत्या तिथं कॉम्प्युटर, एआय-एमएल, एआय-डीएस, सायबर, आयओटी असं सगळं मिळून कितीतरी पटीने मुलं भरली जाताहेत. सीट एका वर्षात वाढवता येतात पण शिकवणारी माणसं एका वर्षात तयार होत नाहीत. नियमाने वीस मुलांमागे एक शिक्षक पाहिजे. तुम्ही कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन त्या विभागाची फॅकल्टी लिस्ट उघडा, किती जण आहेत, किती पीएचडी आहेत, आणि मुख्य म्हणजे जॉइनिंगची तारीख बघा. निम्म्याहून जास्त लोक गेल्या वर्षभरात लागलेले असतील तर समजून जा.

एआय-डीएस हे नाव ऐकून लोक भुलतात. पहिली दोन वर्षं कॉम्प्युटरचाच बराचसा अभ्यासक्रम असतो, पुढे चार-पाच विषय वेगळे. चांगल्या कॉलेजात एआय-डीएस घ्यायला माझी काहीच हरकत नाही, छान शिकवतात, पण शिक्षक नसलेल्या ठिकाणी या नावाला काडीची किंमत नाही. एनबीए मानांकन अख्ख्या कॉलेजला नसतं, एकेका ब्रांचला असतं, आणि दोन बॅच बाहेर पडल्याशिवाय त्यासाठी अर्जच करता येत नाही, त्यामुळे "आमच्याकडे एनबीए आहे" म्हटलं की कुठल्या ब्रांचला ते विचारा. मेकॅनिकलचं एनबीए दाखवून एआयच्या सीट भरणारे आहेत.

कृष्णाकाठ

मॅडम, सर, खूप आभार. मीडियन म्हणजे काय ते समजलं पण तो आकडा खरा कुठं मिळणार? कॉलेजवाले तर हायेस्ट आणि ॲव्हरेजच सांगतात.

शिकवणारी

एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, जी कॉलेजं भाग घेतात त्यांना माहिती भरून द्यावी लागते आणि तीच पीडीएफ स्वतःच्या वेबसाइटवर पण ठेवावी लागते. रँक किती आहे ते सोडा, ती पीडीएफ उघडा. त्यात चार वर्षांच्या कोर्सचा तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती सीट, किती भरल्या, वेळेत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, मीडियन पगार किती, पुढे शिकायला किती गेले.

आता वाचायचा कसा ते सांगते, आकडे उदाहरणादाखल घेतलेत. समजा १८० प्रवेश, त्यातले वेळेत पास झाले १२०, नोकरी लागली ७०, मीडियन साडेचार लाख. कॉलेज बोर्डावर काय लिहिणार? इच्छुक आणि पात्र ७२ पैकी ७० म्हणजे ९७ टक्के प्लेसमेंट. पण तुमच्या लेकीच्या दृष्टीने १८० पैकी ७०. आणि ते ६० जण वेळेत पास का नाही झाले हा त्याहून मोठा प्रश्न. एक ध्यानात ठेवा, हा तक्ता पूर्ण कॉलेजचा असतो, ब्रांचवार नसतो, आणि माहिती कॉलेजनेच भरलेली असते. तरी जाहिरातीपेक्षा शंभर पटीने बरं. ज्यांनी एनआयआरएफला माहितीच दिलेली नाही त्यांच्याकडून मागच्या बॅचची ब्रांचवार यादी मागा, कंपनीचं नाव, किती मुलं, काय पगार. द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

अंबानगरी

भाऊ, मी अमरावतीचा. माझ्या लहान भावाची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्यावर ती वेळ येऊ नये. त्याला ८१ पर्सेंटाइल होते, इकडे मेकॅनिकल मिळत होतं चांगल्या कॉलेजात, पण घरी सगळ्यांनी डोक्यात घेतलं की कॉम्प्युटरच पाहिजे. मोठ्या शहरातल्या एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं, वडिलांनी दोन एकर वावर विकलं. तिथं पण शंभर टक्के प्लेसमेंटच सांगितलं होतं. शेवटच्या वर्षाला कळलं की सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप पण ते प्लेसमेंटमधे मोजतात. एक कंपनी आली तिने दोन वर्षांचा बॉण्ड आणि मूळ सर्टिफिकेट जमा करायला सांगितलं. भाऊ हुशार नाही असं नाही, पण चार वर्षांत त्याच्याकडून कोणी एक धड प्रोजेक्ट करून घेतला नाही, वर्गातले सगळे विकत आणत होते तर यानेही आणला. आता घरी बसून स्वतः शिकून राहिला, जमेल त्याला, पण वावर गेलं ते गेलं. वडील त्या बांधावरून अजून जात नाहीत, लांबून फिरून जातात.

कॅपच्या_रांगेत_गेल्या_वर्षी

अंबानगरी, वाचून वाईट वाटलं.

कृष्णाकाठ दादा, एक फार महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, आधी ५० टक्के होतं. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेज चालतं, पण ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच (सरकारची केंद्रीय प्रवेश फेरी) पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की गेलं. खाजगी विद्यापीठ आणि खाजगी अभिमत विद्यापीठांनाही लागू नाही. त्यामुळे तुम्हाला ज्यांचा फोन येतोय ते कॉलेज आहे की स्वतंत्र खाजगी विद्यापीठ झालंय ते आधी बघा, पुण्याच्या बाजूला हल्ली बरीच कॉलेजं विद्यापीठं झालीत आणि नाव जवळपास तेच ठेवतात. आमच्या शेजारच्यांची तिथंच फसगत झाली. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, हॉस्टेल मेस आपल्यालाच.

कटऑफची पीडीएफ वाचताना कोड बघा. एल म्हणजे लेडीज, मधे ओबीसी, शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. तासगाव शिवाजी विद्यापीठात येतं, म्हणजे त्या विद्यापीठाच्या कॉलेजांत तुम्ही होम. तुम्ही ओपनचा आकडा बघून कॉम्प्युटर अवघड म्हणताय का? लेडीज ओबीसीची ओळ बघा, फरक असतो. आणि टीएफडब्ल्यूएसचे (ट्यूशन फी माफीच्या सीट) कोड वेगळे असतात, शेवटी टी येतो.

फर्मागुडी

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल कोणीच धड बोलत नाही म्हणून लिहितो. मी गोवा इंजिनिअरिंग कॉलेजचा, फर्मागुडीच्या पठारावरचा, ईटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. आता बंगळुरात एम्बेडेडमध्ये आहे, गाडीच्या ब्रेकच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो. दिवसभर सी भाषेत कोड लिहितो, आणि समोर टेबलावर खरा बोर्ड असतो. लोकांना वाटतं इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे टीव्ही रिपेअर किंवा शेवटी आयटीतच जायचं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ साली बंगळुरात आली, तेव्हापासून चिप डिझाइनचं काम भारतात चालतंय. पुण्यात गाड्यांचा सगळा उद्योग आहे, चाकण, पिंपरी, तिथल्या प्रत्येक गाडीत आता डझनावारी कंट्रोलर असतात, ते कोणीतरी प्रोग्राम करतंच ना. धोलेऱ्याला टाटांच्या चिप फॅब्रिकेशनच्या कारखान्याची पायाभरणी २०२४ च्या मार्चमध्ये झाली.

पण सोपं आहे असं सांगणार नाही. सिग्नल्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, कंट्रोल सिस्टिम हे विषय गणिताचे आहेत, आवड नसेल तर मुलं तिथं अडकतात, बॅकलॉग राहतो. आणि फ्रेशरला एम्बेडेडच्या जागा आयटीएवढ्या नसतात. मुलीला विचारा की तिला हात घालून काही करायला आवडतं का. तुम्ही एवढं लिहिलंत पण तिला काय आवडतं ते एका ओळीत पण नाही.

रातराणी_डेव्हलपर

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. फर्मागुडी म्हणतात ते खरं आहे पण ज्याला सॉफ्टवेअरमध्येच जायचंय त्याने शक्य असेल तर कॉम्प्युटर किंवा आयटीच घ्यावं. मी स्वतः ईएनटीसीचा, पुण्यातून. कॅम्पसला कित्येक चांगल्या प्रॉडक्ट कंपन्या आल्या त्यांनी फक्त कॉम्प्युटर आणि आयटीची मुलं बसवली, आम्ही बाहेर. जे शेजारच्या वर्गाला वर्गात शिकवत होते ते मी रात्री अकरानंतर शिकलो, डीबीएमएस, नेटवर्क, ओएस सगळं, आणि सकाळी परत मायक्रोवेव्हचं जर्नल. झालं शेवटी, पण दोन वर्षं उशिराने, ऑफ कॅम्पस. त्यामुळे "ब्रांचने काही फरक पडत नाही, सगळे आयटीत येतात" हे वाक्य ज्यांना त्रास झाला नाही ते बोलतात. कराडला आयटी मिळत असेल आणि मुलीला सॉफ्टवेअरच करायचं असेल तर मी कराडचं आयटी सांगलीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर ठेवीन. सरकारी कॉलेज, १९६० सालचं, मुलं पण चांगली येतात. आसपासची मुलं कशी आहेत याने खूप फरक पडतो, माझा रूममेट रोज कोडिंगचे प्रश्न सोडवायचा म्हणून मी बसलो, नाहीतर नसतो बसलो.

सिएटलहून

रातराणी यांच्याशी बरीचशी सहमत. फक्त एक, "पुढे एमएसला अमेरिकेला जाईल" हे गृहीत धरून आत्ता कॉलेज निवडू नका. मेटाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ११ हजार, गुगलने २०२३ च्या जानेवारीत १२ हजार लोक काढले, त्यानंतर इथं नवीन पास झालेल्या मुलांना पहिली नोकरी मिळणं खूप जड जातंय. माझ्या ओळखीत कर्ज काढून आलेली मुलं आहेत, झोप नाही त्यांना. तिकडेही टीसीएसने २०२५ च्या जुलैत १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलंच. पाया मजबूत असेल तिथं जाऊ दे तिला.

साहेब_सहा_महिने_थांबा

इंजिनिअरिंग झालंच नाही तर जग बुडत नाही हे पण सांगून ठेवतो. मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, मग सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचं पीजी-डॅक केलं, सहा महिन्यांचा कोर्स, पुण्यात. सकाळी आठ ते रात्री आठ लॅब, घाम निघतो. पण तिथं येणाऱ्या कंपन्या डिग्रीचं कॉलेज फारसं विचारत नाहीत, डॅकमध्ये काय केलं ते विचारतात. आमच्या बॅचमध्ये मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल सगळे होते. म्हणजे ब्रांच चुकली असं पुढे वाटलं तरी एक दरवाजा उघडा असतो. म्हणून भीतीपोटी निर्णय घेऊ नका एवढंच.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद मुलीला पण वाचायला दिले. फर्मागुडी सर, तुम्ही विचारलंत ते बरोबर आहे, मी खरंच लिहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नीट विचारलंही नव्हतं. काल रात्री जेवल्यावर विचारलं.

झालं असं होतं की आमच्या शेजारच्या बागेत गेल्या वर्षी हवामान केंद्र बसवलं, खांबावर असतं ते. पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजतं आणि दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येणार असेल तर मोबाईलवर मेसेज येतो. आम्ही सगळे मेसेज बघत होतो, ही त्या खांबाखाली उभी राहून विचारत होती की ओलं आहे हे त्याला कळतं कसं. मग तिने सहाशे रुपयांचा बोर्ड मागवून घेतला, बाजारातली एक पट्टी असते तांब्याच्या रेघांची, त्यावर पाण्याचा थेंब पडला की करंट जातो, ते जोडून आपल्या बागेत ठेवलं. बारावीचं वर्ष म्हणून मी रागावलो होतो. काल म्हणाली, पप्पा, ते चालायचं पण आकडा वेडावाकडा यायचा, तो का यायचा ते मला अजून कळलं नाही आणि ते मला शिकायचंय. प्रोग्राम तिने स्वतःच लिहिला होता.

मला यातलं कळत नाही. पण फर्मागुडी सर आणि रातराणी सर, हे कुठल्या ब्रांचमध्ये येतं?

फर्मागुडी

दादा, हे माझंच काम आहे. तांब्याच्या रेघांना डीसी करंट देत राहिलं की त्या झिजतात, हिरव्या पडतात, म्हणून आकडा हलतो. उलटसुलट करंट द्यायचा किंवा मोजण्यापुरताच द्यायचा. तिला सांगा, आणि इलेक्ट्रॉनिक्सला घाला.

रातराणी_डेव्हलपर

मी माझा सल्ला बदलतो. जिने बारावीत हे केलं तिला इलेक्ट्रॉनिक्स ओझं वाटणार नाही. फक्त पहिल्या वर्षापासून एक भाषा नीट, आणि डेटा स्ट्रक्चर दुसऱ्या वर्षापर्यंत, हे स्वतःचं स्वतः करावं लागेल, सांगून ठेवा. आणि फॉर्म भरायच्या आधी दोन्ही कॉलेजं बघून या.

कॅपच्या_रांगेत_गेल्या_वर्षी

जाऊन याच. कामाच्या दिवशी जा, रविवारी नको. आणि ऑप्शन फॉर्म भरताना यंदाचा (२०२५-२६) नियम ध्यानात ठेवा, चार राऊंड आहेत. पहिल्या राऊंडला पहिला पर्याय लागला तर घ्यावाच लागतो. दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी लागला तर, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे वरचे पर्याय असेच भरू नका, जे मिळालं तर आनंदाने जाऊ तेच आणि त्याच क्रमाने. तीनशे पर्याय भरता येतात, पण जिथं जायचंच नाही ते एकही टाकू नका. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या वरची दोन-चार टाकायला घाबरू नका, न मिळण्याने खालच्याचं नुकसान होत नाही.

कृष्णाकाठ

दोन्हीकडे जाऊन आलो. पुण्याकडच्या कॉलेजात गेलो ते नेमकं तुम्ही म्हणता तसं खाजगी विद्यापीठ निघालं, म्हणजे फी माफी नाही. तरी आलोय तर बघू म्हटलं. इमारत फार सुंदर, एसी हॉलमध्ये बसवलं, कॉफी दिली. मी म्हटलं लॅब दाखवा. किल्ली शोधायला वीस मिनिटं लागली. आत साठेक कॉम्प्युटर, निम्म्या स्क्रीनवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मागच्या बॅचची ब्रांचवार यादी मागितली तर म्हणाले मेल करतो, मेल आलेला नाही.

सांगलीला विश्रामबागला गेलो. जुनं कॉलेज, १९४७ सालचं, धोंडूमामा साठे यांनी काढलेलं. बाकांवर नावं कोरलेली. दुपारचे साडेचार झाले होते, तरी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये पाच-सहा मुलं थांबलेली, सोल्डरिंगचा धूर येत होता. शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, तिने आमच्या पोरीला काय बघायचंय विचारलं आणि एका मशीनची वायर तिच्या हातात दिली, म्हणाली टोकाला बोट लाव. स्क्रीनवर लगेच लाट आली, वर-खाली जाणारी. ती मुलगी म्हणाली ही भिंतीतल्या लाइटची पन्नास हर्ट्झ आहे, तुझ्या अंगातून येतेय. आमची बोट लावते, काढते, लावते, काढते, दहा वेळा केलं असेल. मग तिला म्हणाली, म्हणजे माझा आकडा यानेपण हलत असेल. त्या दोघी अर्धा तास बोलत बसल्या, मी बाहेर चहा घेतला. टपरीवर तिसऱ्या वर्षाची मुलं होती त्यांना पण विचारलं, कोडिंगचं ज्याचं त्याने बघायचं असतं म्हणाले, पण सीनियर सांगतात आणि रात्री गटाने बसतात.

फॉर्म आधी असा भरला होता: १. वालचंद कॉम्प्युटर, २. वालचंद इलेक्ट्रॉनिक्स, ३. कराड आयटी, आणि खाली अजून अकरा. कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये वर कोण यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तिनेच सकाळी उठून क्रम बदलला, इलेक्ट्रॉनिक्स एक नंबरला घेतलं. मी आवाज केला नाही. मेव्हण्यांना अजून सांगितलेलं नाही.

शिकवणारी

छान केलंत. कागदपत्रांच्या तीन झेरॉक्स आणि नॉन-क्रीमीलेयरची मुदत एकदा परत तपासा.

कृष्णाकाठ

पहिल्याच राऊंडला लागलं. वालचंद, इलेक्ट्रॉनिक्स. आज सीट ॲक्सेप्ट केली, हजार रुपये भरले. सगळ्यांचे मनापासून आभार, अंबानगरी भाऊ तुमचे पण, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता शेवटचं एक विचारतो. तासगावहून सांगली एसटीने पाऊण तास. विद्यार्थी पास काढून रोज येजा केली तर खर्च फारच कमी, हॉस्टेल म्हटलं तर मेससकट बराच जातो. तिची आई म्हणते घरून जाऊ दे.

रातराणी_डेव्हलपर

दादा, लॅबमध्ये साडेचारनंतर थांबलेली ती मुलं आठवा. शेवटच्या एसटीची वेळ डोक्यात असली की पहिली उठून निघावं लागतं. पहिलं वर्ष तरी हॉस्टेलला ठेवा, पैसे अगदीच जड जात असतील तर मला मेसेज करा.

फर्मागुडी

हॉस्टेलला एक लाख टक्के. आणि तिला म्हणावं तो तांब्याच्या पट्टीचा बोर्ड बॅगेत घालून ने.

कृष्णाकाठ

तिच्या आईला दाखवलं. हॉस्टेलचा फॉर्म उद्या आणायला जातोय. बोर्ड तिने आधीच बांधून ठेवलाय.